आधी लोकल, मग लाईन

ट्रक चालवायचा म्हटलं की पोरांच्या डोळ्यांपुढे लांबचा रस्ता येतो. पंजाबी ढाबा, खाटेवरची झोप, सकाळी दुसरंच राज्य. आईबापांनाही तेच दिसतं, फक्त त्यांना त्यातला पंधरा-पंधरा दिवस घरी न येणारा मुलगा दिसतो. मग घरात वाद होतो आणि पोरगा कुठल्या तरी कंपनीत कंत्राटी कामाला लागतो. या वादात एक सोपी गोष्ट राहून जाते. तालुक्याच्या गावात रोज दूध येतं, सिमेंट येतं, पेंड येते, किराणा दुकानाच्या दारात बिस्किटांची खोकी उतरतात. हे सगळं आणणारे ड्रायव्हर बहुतेक त्याच पंचक्रोशीतले असतात आणि कामाची पाळी संपली की घरी जेवायला जातात.

धंद्यात या दोन कामांना 'लाईन' आणि 'लोकल' म्हणतात. लाईनवरचे जुने ड्रायव्हर लोकलवाल्याकडे जरा तुच्छतेनं बघतात, 'गावातल्या गावात फिरतो' म्हणून. मला हे पटत नाही. नवख्यानं पहिली काही वर्षं लोकललाच काढावीत असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्यात घरच्या भाकरीचा मोह हे दुय्यम कारण आहे. गाडी मागे घेणं, माल बांधणं, कागद सांभाळणं आणि गेटवरच्या माणसाशी बोलणं ही चार कामं ज्याला येत नाहीत त्याला ड्रायव्हर म्हणत नाहीत, आणि ती शिकायला हमरस्त्याचा फारसा उपयोग नसतो. मुंबईहून दिल्लीला निघालेला माणूस चौदाशे किलोमीटर समोर बघून जातो. जागेवर लावण्यासाठी गाडी मागे घ्यायची वेळ त्याला मुख्यतः भरताना आणि उतरवताना येते. पार्सल वाटणारा लोकलवाला एका दुपारीच त्याच्या कितीतरी पट वेळा गाडी मागे घेतो, तीही दुचाक्या, हातगाड्या आणि शाळा सुटलेली मुलं यांच्या मधून.

आता कायद्याची शिडी बघू, कारण इथे अर्धवट माहितीचा सुळसुळाट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात हलकं मोटार वाहन म्हणजे एलएमव्ही कशाला म्हणायचं हे गाडीच्या आकारावरून ठरत नाही, वजनावरून ठरतं. भरलेल्या गाडीचं एकूण वजन, म्हणजे आरसीवरचा जीव्हीडब्ल्यू, ७५०० किलोपर्यंत असेल तर मालवाहू गाडीसुद्धा हलक्या वाहनातच मोडते. पण साध्या कारच्या लायसन्सवर अशी मालवाहू गाडी चालवता येते का, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. अपघात झाला की विमा कंपन्या 'लायसन्सवर ट्रान्सपोर्ट नाही' असं म्हणून हात वर करायच्या. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ड्रायव्हरच्या बाजूनं निकाल दिला, त्यावर पुन्हा प्रश्न उभे राहिले, आणि शेवटी ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं तोच निकाल कायम केला: एलएमव्ही लायसन्स असलेल्याला ७५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवायला वेगळी नोंद लागत नाही.

नवख्या ड्रायव्हरसाठी हा निकाल फार मोठा आहे. छोटा हत्ती, पिकअप, चारशे सात आणि आयशरची लहान मॉडेलं या सगळ्या गाड्या साधारण या हद्दीत येतात. बाजारात ७४९० किलोच्या आसपासच्या गाड्या दिसतात, त्यामागे हीच रेघ आहे. मात्र गाडीच्या नावावर जाऊ नका. एकाच नावाची गाडी कधी हद्दीच्या आत असते, कधी मोठ्या मॉडेलमध्ये बाहेर जाते. आरसी मागून आकडा स्वतः वाचायचा. मालक 'अरे, बारकीच आहे' म्हणेल. पकडल्यावर मात्र ती बारकी राहत नाही.

वयाचं काय? गाडी चालवण्याचं वय १८, पण ट्रान्सपोर्ट वाहनासाठी कायद्याच्या चौथ्या कलमात २० वर्षं पूर्ण हवीत असं लिहिलेलं आहे. म्हणून वीस हाच आकडा धरून चालावं. मधली दोन वर्षं वाया जात नाहीत. एलएमव्ही लायसन्स काढून ठेवायचं, कारण पुढे मोठ्या गाडीचं शिकाऊ लायसन्स काढायचं तर हलक्याचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं असावं लागतं. मग शिकाऊ लायसन्स, डॉक्टरचा १-ए दाखला, मोटार ट्रेनिंग स्कूलचं फॉर्म ५ प्रमाणपत्र, कमीत कमी तीस दिवसांनी आरटीओची चाचणी. पूर्वी आठवी पास असल्याचा दाखला लागायचा. ती अट २०१९ मध्ये काढली गेली. कितीतरी गावांत अजून 'सातवी नापासला ट्रकचं लायसन्स मिळत नाही' असंच सांगतात आणि एजंट त्याचे वेगळे पैसे घेतात. तसंच 'बॅज'चं. बॅज प्रवासी वाहनांसाठी असतो, मालाच्या गाडीला त्याची गरज नाही.

ट्रेनिंग स्कूलकडून फार अपेक्षा ठेवू नये. तिथे जुनाट गाडीत चारजण बसतात आणि स्टेअरिंग प्रत्येकाच्या हाती मोजकेच तास राहतं. तेही रिकाम्या गाडीवर. पुण्याजवळ भोसरीला केंद्रीय मार्ग परिवहन संस्थेच्या, म्हणजे सीआयआरटीच्या आधारानं चालणारी ड्रायव्हर प्रशिक्षण संस्था आहे. ज्याला जमेल त्यानं तिथे चौकशी करावी. बाकीच्यांचं खरं शिक्षण जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून होतं. क्लीनर म्हणून काही महिने राहण्यात कमीपणा वाटून घेऊ नये. कुठल्या वळणावर मागची चाकं आत ओढतात, लोड असताना दुसरा गिअर कधी टाकायचा, गाडीच्या आवाजात काय बिघडलंय, हे त्या बाजूच्या सीटवरून जेवढं कळतं तेवढं पुस्तकातून कळत नाही.

लोकल काम म्हणजे एकच काम नव्हे, आणि कुठलं निवडावं यात बराच फरक पडतो.

पश्चिम महाराष्ट्रात नवख्याची सुरुवात बहुधा दुधावर होते. गावोगावच्या संकलन केंद्रांवरून सकाळ-संध्याकाळ कॅन किंवा टँकर भरून शीतकरण केंद्रात न्यायचे. रस्ता ठरलेला, माणसं ओळखीची, पगार बरा नसला तरी नियमित. पण दुधाला रविवार नाही आणि दिवाळीही नाही. गाडी तासभर अडकली की माल नासतो, म्हणून या कामात वेळ पाळण्याची सवय लागते ती जन्मभर पुरते. टँकरचा एक धडाही इथे मिळतो. अर्धा भरलेला टँकर पूर्ण भरलेल्यापेक्षा धोकादायक असतो. ब्रेक मारला की आतलं दूध पुढे धावतं, वळणावर बाजूला ढकलतं, आणि गाडी ड्रायव्हरच्या मनाविरुद्ध सरकते. टँकरच्या आत आडव्या भिंती घालतात त्या हा धक्का कमी करायला. पुढे कधी पेट्रोल, गॅस किंवा रसायनांचा टँकर हाती आला तर त्याला लायसन्सवर वेगळी नोंद लागते आणि तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. पण ती पुढची गोष्ट.

बाजार समितीचं काम उलट्या घड्याळाचं. वाशी असो किंवा पुण्याचं गुलटेकडी, भाजीचा खेळ मध्यरात्रीनंतर सुरू होतो. 'लोकल' म्हणजे दिवसाचं काम असं समजून आलेले पहिल्याच आठवड्यात पळतात. झोप दिवसा काढायची असते आणि पत्र्याच्या घरात एप्रिल-मे महिन्यात ती लागत नाही. या कामात उत्पन्न हंगामावर हलतं. कांदा, द्राक्ष, आंबा यांच्या दिवसांत गाडी थांबत नाही, पावसाळ्यात मोकळी उभी राहते. उसाचंही तसंच: कारखाने पेटले की चार-पाच महिने रात्रंदिवस काम, मग शांतता. ऊस वाहतुकीत बऱ्याचदा आगाऊ उचल घेतली जाते आणि ती फेडता फेडता हंगाम संपतो. नव्या माणसानं उचल घेऊन या धंद्यात पाऊल टाकू नये.

एमआयडीसीचं काम माझ्या मते शिकण्यासाठी सगळ्यात चांगलं. चाकण, रांजणगाव, सातपूर, वाळूज, बुटीबोरी, शिरोली, कुठेही घ्या. मोठ्या कारखान्यात सुटे भाग गोदामात साठवून ठेवण्याची पद्धत आता फारशी उरलेली नाही. एक गाडी पाच-सहा लहान कारखान्यांतून माल गोळा करत फिरते आणि ठरलेल्या तासाला असेंब्लीच्या दारात पोचते. याला तिथे 'मिल्क रन'च म्हणतात. गाडी उशिरा गेली तर असेंब्ली लाईन थांबते आणि ट्रान्सपोर्टरला दंड बसतो. त्यामुळे अशा कंपन्या ड्रायव्हरचे कागद तपासतात, सेफ्टी शूज घालायला लावतात, दारू प्यायलेल्याला गेटवरूनच परत पाठवतात. हे जाचक वाटतं, पण इथे दोन वर्षं काढलेल्या ड्रायव्हरला पुढे कुठेही दार उघडं असतं. शिवाय भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय मिळण्याची शक्यता याच कामात जास्त.

बाकीची कामं थोडक्यात. ऑनलाईन पार्सलच्या गाड्यांवर थांबे पुष्कळ आणि फोनचा तगादा फार. घंटागाडी, पाण्याचा टँकर ही पालिकेच्या ठेकेदाराची कामं, वेळ ठरलेली, पगार कधी कधी लांबलेला. शहरात रेडीमिक्स काँक्रीटच्या मिक्सर गाड्यांना मोठी मागणी असते, पण ते हेवी लायसन्सचं काम, आणि पोटात फिरणारं काँक्रीट साधारण दोन तासांच्या आत रिकामं करावं लागत असल्यानं ट्रॅफिकमध्ये जीव टांगणीला लागतो. न्हावा शेवा बंदरातून आसपासच्या यार्डात कंटेनर नेणं हेही लोकलच, मात्र ट्रेलर मागे घेणं ही वेगळीच विद्या आहे. तिथे मागचा भाग स्टेअरिंगच्या उलट दिशेला जातो.

गाडी मागे घेण्याबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण लोकलचे बरेचसे अपघात वेगात होत नाहीत, मुंगीच्या चालीनं होतात. भिंत, विजेचा खांब, दुकानाचं शटर, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मागे उभं असलेलं मूल. ट्रकच्या मागचा काही भाग आणि डाव्या दाराखालचा काही भाग कुठल्याच आरशात दिसत नाही. नियम असा की अनोळखी जागी मागे घेण्याआधी खाली उतरून एक फेरी मारायची. वर लोंबणारी वायर, ओटा, गटाराचं झाकण, सगळं बघून मग वर चढायचं. क्लीनर 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणत असला तरी तो आरशात दिसत असेल तेव्हाच गाडी हलवायची. दिसेनासा झाला की थांबायचं. 'येऊ द्या' म्हणणारा कधी कधी फोनवर बोलत असतो. आणि शक्यतो ड्रायव्हरच्या बाजूनं, म्हणजे उजवीकडे काटून मागे घ्यावी, कारण त्या बाजूचं मागचं चाक आपल्याला दिसतं.

डाव्या वळणाचंही तसंच. मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेघेत चालत नाहीत, आत ओढतात. म्हणून ड्रायव्हर आधी जरा उजवीकडे घेतो, डाव्या बाजूला जागा मोकळी दिसते, आणि त्या जागेत स्कूटरवाला घुसतो. चूक कुणाची हा वाद नंतर. चाकाखाली कोण येतं हे ठरलेलं असतं. डावीकडे वळताना इंडिकेटर लवकर देऊन, डावा आरसा दोनदा बघून, रस्त्याच्या डाव्या कडेची फट गाडीनंच बंद ठेवत वळणं एवढाच उपाय.

घाट. लोकलवाल्याच्या वाट्यालाही तो येतोच: कसारा, खंबाटकी, बोरघाट, किंवा पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार. हा शेवटचा खरं तर घाट नाही, चांगला रुंद महामार्ग आहे, आणि तरीही तिथे अवजड वाहनांनी पुढच्या गाड्यांच्या रांगा चिरडल्याचे अपघात पुन्हा पुन्हा झाले आहेत. 'ब्रेक फेल' असं बातमीत छापून येतं. ब्रेक उगाच फेल होत नाहीत. डिझेल वाचवायला काही ड्रायव्हर उतारावर गाडी न्यूट्रलला टाकतात, काहीजण तर इंजिनच बंद करतात. गिअरमध्ये असताना इंजिन चाकांना मागे ओढून धरतं. तो आधार गेला की सगळं ओझं ब्रेकच्या लायनरवर येतं. लायनर तापतो, तापलेला लायनर ड्रमवर पकड घेत नाही, आणि ड्रायव्हर पेडल दाबत राहतो. मोठ्या गाड्यांत ब्रेकला लागणारी हवा इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर भरतो. इंजिन बंद आणि चार वेळा पेडल दाबलं की टाकीतली हवा उतरते. पॉवर स्टेअरिंगही जड होतं. म्हणून ज्या गिअरमध्ये तो उतार चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हरांचा हिशोब अजून बरोबर आहे. दिवसाला दोन लिटर डिझेल वाचवून मालकाची शाबासकी मिळवणाऱ्याला त्या उतारावर मालक दिसणार नाही.

माल भरताना ड्रायव्हरनं टपरीवर बसू नये. हे वाक्य मी जाड अक्षरात छापायला सांगितलं असतं. जड माल खाली आणि केबिनच्या बाजूला, हलका वर आणि मागे. दोन्ही बाजूंना सारखं वजन. मध्ये पोकळी राहिली तर ठोकळे किंवा पोती. मागे जास्त वजन पडलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग ऐकत नाही. फाळका लावला, साखळी अडकवली, ताडपत्रीची दोरी ताणली, हे स्वतः हात लावून बघायचं. आठ-दहा किलोमीटर गेल्यावर पुन्हा थांबून दोरी बघायची, कारण माल दबून बसतो आणि दोरी सैल पडते. आणि भरताना समोर उभं राहिलं की नग मोजता येतात. उतरवताना दोन खोकी कमी भरली तर ती तूट व्यापारी ट्रान्सपोर्टरकडून कापतो, ट्रान्सपोर्टर ड्रायव्हरकडून.

ओव्हरलोडचं गणित तर ड्रायव्हरनं पाठच करावं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. दंड मालक भरेल, ठीक. पण सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीनं २०१५ मध्येच राज्यांना सांगितलेलं आहे की ओव्हरलोड, सिग्नल तोडणं, गाडी चालवताना मोबाइल, दारू, मालाच्या गाडीत माणसं बसवणं अशा गुन्ह्यांत लायसन्स किमान तीन महिने निलंबित करावं. तीन महिने लायसन्स गेलं तर मालक दुसरा ड्रायव्हर ठेवतो. 'दोन टन जास्त टाकू, काही होत नाही' म्हणणाऱ्याला एवढंच विचारायचं, तीन महिन्यांचा पगार देणार का?

कागदांचे दोन गठ्ठे असतात. गाडीचे: आरसी, विमा, फिटनेस, परमिट, कर, पीयूसी. मालाचे: बिल्टी, बिल, आणि माल ठरावीक किमतीच्या वरचा असेल तर ई-वे बिल. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा साधारणपणे १ लाख रुपयांची आहे. ई-वे बिलाला मुदत असते, ती अंतरावर ठरते. गाडी बिघडून मुदत उलटली तर फोन करून ती वाढवून घ्यायला सांगणं हे ड्रायव्हरचं काम. माल उतरवल्यावर बिल्टीवर सही-शिक्का घेतलेली पोच हातात आल्याशिवाय गेट सोडायचं नाही. पोच नाही तर उरलेलं भाडं नाही, आणि भाडं नाही तर मालकाचं तोंड बंद व्हायचं नाही.

उतरवण्याच्या जागी आणखी एक कटकट असते, वाराईची. माल व्यापाऱ्याचा, उतरवणारे हमाल, आणि पैसे मात्र ड्रायव्हरकडून. वाहतूकदार संघटनांची 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही घोषणा याच भांडणातून आली. हमालांशी मात्र भांडू नये. त्यांच्या हक्कांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे आणि त्यांची मजुरी रास्तच आहे. प्रश्न ती कुणी द्यायची एवढाच. निघण्याआधी मालकाला विचारून घ्यावं आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून मागावं.

आता पैसे. लोकलला पगाराच्या साधारण तीन तऱ्हा: महिन्याचा ठरलेला पगार आणि रोजचा भत्ता, खेपेवर पैसे, किंवा भाड्यात टक्केवारी. ऐकताना टक्केवारी सगळ्यात गोड वाटते. नवख्यानं महिना पगारच घ्यावा. खेपेवर पैसे असले की घाई होते, आणि घाईत शिकणं होत नाही. पगाराच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे कापाकापीचं कलम. पंक्चर, चलन, तूट, आरसा फुटला तर कोण भरणार?

त्यातही डिझेलच्या 'ॲव्हरेज'वर लक्ष ठेवा. समजा मालकानं लिटरला दहा किलोमीटर धरले आणि गाडी रोज शंभर किलोमीटर चालते. म्हणजे दहा लिटर डिझेल मिळणार. पण लोकलची गाडी निम्मा वेळ सिग्नलला आणि गेटवर उभी असते. प्रत्यक्षात आठचंच ॲव्हरेज पडलं तर साडेबारा लिटर लागले. रोजचा फरक अडीच लिटर, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर साडेबासष्ट लिटर, आणि ९० रुपये भाव धरला तर साडेपाच हजारांच्या वर. हा फरक पगारातून कापला जाणार असेल तर पगाराचा सांगितलेला आकडा खोटा आहे. पहिल्या आठवड्यात टाकी फुल करून, किलोमीटर लिहून, पुन्हा फुल करून खरं ॲव्हरेज मालकासमोरच काढायचं.

कामाचे तास हा दुखरा विषय. मोटार परिवहन कामगारांसाठी १९६१ मध्ये कायदा झाला. त्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असं होतं. पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यांना लागू होता, आणि आपल्याकडचे बरेचसे मालक एक-दोन गाड्यांचे. त्यामुळे कागदावरचे आठ तास फार थोड्यांना मिळाले. नोकरी ठरवताना 'किती तास' असं विचारलं तर मालक हसतो. 'सकाळी गाडी किती वाजता निघते आणि परत किती वाजता लागते' असं विचारलं की खरं उत्तर मिळतं. शहरात अवजड गाड्यांना गर्दीच्या वेळी बंदी असते, त्यामुळे मधले काही तास नाक्यावर उभं राहण्यात जातात. तो वेळ कामाचाच धरायला हवा. केबिनच्या उकाड्याबद्दल मात्र एक बरी बातमी: १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. जुन्या गाड्यांवर काम करणाऱ्यांना याचा उपयोग व्हायला बरीच वर्षं जातील.

अपघाताबद्दल घरात कुणी बोलत नाही, पण बोललं पाहिजे. अपघात झाला तर जखमीला दवाखान्यात नेणं आणि पोलिसांना कळवणं ही ड्रायव्हरची कायद्यानं जबाबदारी. जमाव खवळला असेल तर काय, याचा विचार १३४ व्या कलमात केलेला आहे: तशा वेळी तिथे थांबणं शक्य नसेल तर निघावं, पण लवकरात लवकर, चोवीस तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात हजर व्हावं. जानेवारी २०२४ मध्ये देशभर ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या होत्या त्या नव्या न्याय संहितेतल्या दहा वर्षांच्या शिक्षेच्या कलमाविरुद्ध. ती शिक्षा अपघातासाठी नव्हती, अपघात करून न कळवता पळून जाण्यासाठी होती. जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते कलम बाजूला ठेवलं गेलं. ड्रायव्हर स्वतः कामावर जखमी झाला तर कायद्यानं मालकाकडून नुकसानभरपाई मागता येते, एकच गाडी असलेल्या मालकाकडूनही. त्यासाठी आपण त्या मालकाकडे कामाला होतो याचा पुरावा हवा. पगार रोख न घेता बँकेत घेण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे. शिवाय वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. बँकेत एक फॉर्म भरायचा.

वर्षभरात हात बसला की स्वतःची गाडी घ्यावीशी वाटते. छोट्या हत्तीसारख्या गाडीला परमिटही लागत नाही, कारण तीन टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला कायद्यानं त्यातून सूट आहे. फायनान्सवाले दारात येतात. इथे माझा सल्ला कंजूष आहे: बारमाही काम देणारा एक तरी व्यापारी किंवा कंपनी आधी हातात हवी. हप्ता दर महिन्याला येतो, भाडं दर महिन्याला येत नाही. गावातल्या स्टँडवर दिवसभर ओळीत उभ्या असलेल्या गाड्या बघा, त्यातल्या निम्म्यांचे मालक उत्साहात कर्ज घेतलेले ड्रायव्हरच आहेत. त्यापेक्षा हेवी लायसन्स काढून सहा चाकी, मग दहा चाकी गाडीवर जाणं हा सावकाश पण भक्कम रस्ता. लोकलला दोन-तीन वर्षं काढलेला माणूस लाईनवर गेला तर तिथेही भारी पडतो, आणि नाही गेला तरी काही बिघडत नाही. मुलींनीही याकडे बघावं. २०२३ पासून एसटीच्या बस महिला चालवत आहेत, आणि घरी परतता येणारी मालवाहतूक त्यापेक्षा अवघड नाही.

शेवटी लायसन्सकडे परत येतो, कारण या धंद्यात ड्रायव्हरच्या मालकीचं तेवढंच असतं. ट्रान्सपोर्टच्या नोंदीची मुदत पाच वर्षांची असते. मुदत संपल्यावर पूर्वी तीस दिवसांची सवलत मिळायची, ती २०१९ च्या दुरुस्तीत गेली. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी चालवली तर ती विनालायसन्स, आणि त्या दिवशी अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट त्याच तारखेवर ठेवते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून करता येतो, आणि संपून वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. खिशातलं कार्ड काढून तारीख आजच बघून घ्या.